रामटेकेबाबू आणि चार 'खाली' पेट्या

"ये 'खाली' किसने लिखा था?" साहेबांनी विचारलं.

चौथ्या खोलीत सफेदीसाठी भिंती खरवडल्याचा पांढरा चुना जमिनीवर पसरला होता आणि मांडणीच्या तळाशी त्यात चार काळे चौकोन उरले होते. काल दुपारपर्यंत तिथे चार पत्र्याच्या पेट्या होत्या. आता त्या गोहलपुरच्या कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, गेल्या होत्या.

चौकीदार भगवानदास हात जोडून उभा होता. "साहब, आपने ही कहा था, पुताई से पहले खाली पेटियाँ हटवा दो. इन पे चिट लगी थी. साफ़ लिखा था, खाली. हमने हटवा दीं."

"उठाते वक़्त भारी नहीं लगीं?"

"लगी थीं, साहब. हमने सोचा लोहा है."

चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. महिनाभरापूर्वी रामटेकेबाबू मला म्हणाले होते, "वहिनी, ह्या चार जड आहेत. ह्या वर चढवायच्या नाहीत. खाली म्हणून लिहून चिकटवून द्या." मी लिहिलं, 'खाली'. मराठीत खाली म्हणजे तळाशी, हिंदीत खाली म्हणजे रिकामी. आमच्या जबलपूरच्या कला केंद्रात तीसेक माणसं कामाला होती. त्यातली ते अक्षर 'तळाशी' असं वाचणारी दोनच, मी आणि रामटेकेबाबू. महिनाभर आम्ही दोघं त्या चिठ्ठ्यांपुढून जात-येत होतो आणि दोघांनाही काही खटकलं नाही.

मी रोजंदारीवर होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात दोन मुली होत्या. मला 'कल से मत आना' म्हणायला साहेबांना कोणाची परवानगी लागणार नव्हती. म्हणून मी गप्प राहिले.

रामटेकेबाबू त्या चौकोनांकडे पाहत होते. मग म्हणाले, "साहब, पूछताछ बाद में. पहले पेटियाँ." आणि चपला न घालताच निघाले. मी चपला घेऊन मागे पळाले.

पुढचं सांगण्याआधी हा माणूस कोण ते सांगितलं पाहिजे.

रामटेकेबाबूंना कोणीही भेटो, ते आधी जय भीम किंवा नमस्कार म्हणायचे आणि लगेच म्हणायचे, "हात दाखवा." हात म्हणजे दोन्ही, उलटेसुलटे. तेल, हळद, चुना, कात, शाई, यातलं काही दिसलं की त्या माणसाला चौथ्या खोलीच्या आत पाऊल ठेवता येत नसे. भगवानदासच्या बोटांना कात जन्माचा लागलेला. नोकरीला लागल्यापासून, सफेदीसाठी खोली मजुरांच्या ताब्यात गेली त्या दिवसापर्यंत, तो खोलीत एकदाही आत गेला नव्हता. पेट्यांत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं ते त्यामुळेच. एकदा भोपाळहून मोठे अधिकारी पाहणीला आले. रामटेकेबाबू दारात आडवे उभे राहून म्हणाले, "हाथ दिखाइए." अधिकाऱ्यांना वाटलं, हा माणूस भविष्य सांगतो. त्यांनी खुशीने खुर्ची ओढली, उजवा हात पुढे केला आणि आपल्या बदलीचं हळूच विचारलं, "तबादला कब तक है?"

रामटेकेबाबूंनी हात उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "साबुन बाहर नल पे है."

त्यांचं काम असं होतं: कला केंद्रात नाटकं व्हायची, नाच व्हायचे, गावोगावचे गाणारे यायचे. ते सगळं आटोपून लोक घरी गेल्यावर मागे जे उरतं ते सांभाळायचं. फाटलेली ढोलकीची पुडी, घुंगरांचे पट्टे, जाहिरातीचे कागद, खोट्या दाढ्या, नाचणाऱ्या बायांच्या चोळ्या आणि लहंगे, गाण्यांच्या टेपा. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, ते मला कधी पाठ झालं नाही. लोक त्यांना चिंदीबाबू म्हणत. त्यांना ते माहीत होतं. ते म्हणत, "चिंदीचीही नोंद पाहिजे."

नोंदवहीच्या बाबतीत ते भयंकर होते. स्वतः पाहिलं नाही ते लिहायचे नाहीत. एका गावाहून एक ढोल आला. आणणारा छाती फुगवून म्हणाला, दोनशे साल पुराना है. रामटेकेबाबूंनी लिहिलं: 'ढोल एक. दोनशे वर्षांचा आहे असं हा इसम म्हणतो.' आणि खाली त्या इसमाची सही घेतली. आणखी एकदा एक पाहुणे त्यांच्या टेबलावरच्या वाटीतली डांबरगोळी बताशा समजून तोंडात टाकून बसले. थू थू करत नळाकडे धावले. रामटेकेबाबूंनी गोळी धुतली, वाळवली, परत वाटीत टाकली आणि वहीत लिहिलं, 'गोळी एक, झिजली.'

मला तिथे त्यांनीच लावलं. चेरीताल मोहल्ल्यात आमच्या घरापासून चौथं दार त्यांचं. माझा नवरा फॅक्टरीत होता, तो गेल्यावर मी ब्लाउज शिवून घर चालवत होते. एक दिवस ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, हात दाखवा." मी दाखवले. म्हणाले, "काज करता येते?" म्हटलं, येते. "टाका दिसला नाही पाहिजे." म्हटलं, तुम्हाला दिसला तर सांगा. दुसऱ्या दिवसापासून मी कला केंद्रात फाटके लहंगे शिवायला बसले.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. एका नाचणारणीची चोळी आली होती, बगलेत घामाचा पिवळा डाग. शिवायचं कापड आधी धुवायचं, हे मला आईने शिकवलेलं. मी सोडा घालून चोळी पांढरीशुभ्र केली. रामटेकेबाबूंनी ती उजेडात धरली आणि मटकन स्टुलावर बसले.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"धुतली."

"काहून धुतली?"

"घाण होती म्हणून."

"ती घाण नव्हती, वहिनी. बारा वर्षं ती बाई ह्या चोळीत नाचली. तेवढीच उरली होती ती. तुम्ही तिले धुऊन टाकलं."

आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मीही बोलले नाही. मला अजून वाटतं की चोळी स्वच्छच चांगली. पण त्यानंतर मी डागाला हात लावला नाही. त्यांचं म्हणणं एकच, "आहे तसं राहू द्या." काही काढायचं नाही, काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही.

लग्न नव्हतं झालं त्यांचं. एकदा मुलगी पाहायला नागपूरला गेले होते. पोह्यांची बशी घेऊन मुलगी आली, आणि हे म्हणाले, "हात दाखवा." मुलीने दाखवले. हे म्हणाले, "डाग आहे, वांग्याचा." मुलगी म्हणाली, "मग वांगी तुम्हीच चिरत जा," आणि आत निघून गेली. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "मुलगी चांगली होती. बोटं लांब होती. पण तिलेच डांबरगोळीचा वास सहन झाला नाही." त्यांच्या अंगाला तो वास कायमचा होता. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची.

एवढा सगळ्या जगाच्या चिंध्या जमवणारा माणूस, पण घर पाहिलं तर एक खाट, एक ताट, एक लोटा, खुंटीवर दोन शर्ट आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. दुसरं काही नाही. मी एकदा म्हटलं, भाऊ, घरी एखादी खुर्ची तरी आणा. म्हणाले, "कोण येऊन राहिलं बसायले?"

आमच्या दोघांचं बोलणं मराठीत चालायचं. माझं माहेर गोंदियाकडचं. मी लहान होते तेव्हा गोंदिया काय आणि जबलपूर काय, एकाच राज्यात. मग राज्यं वेगळी झाली, माहेर तिकडे गेलं आणि मी लग्न होऊन इकडे आले. दाराच्या आत मराठी, दाराच्या बाहेर हिंदी, अशी सवय झाली. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीला मी वर्गात पहिली आले होते. हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. अक्षर माझं गोल आणि सुबक आहे. म्हणूनच पेट्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम रामटेकेबाबूंनी माझ्याकडे दिलं होतं, आणि मी ते मोठ्या तोऱ्यात केलं होतं.

तर आम्ही रिक्षाने गोहलपुरला गेलो. रामटेकेबाबूंनी वाटेत चपला घातल्या, तेवढंच.

कबाड्याचं नाव इस्माइल भाई. अंगण भरून सायकलींची चाकं, डबे, पंखे. त्यात आमच्या तीन पेट्या. दोन जशाच्या तशा कुलूपबंद. तिसरीचं कुलूप तोडलेलं. चौथी दिसत नव्हती.

इस्माइल भाई म्हणाले, "बाबूजी, हमें तो बोला खाली है. खोलके देखी तो भरी निकली. हम ख़ुद परेशान हैं." असं म्हणून त्यांनी तिसऱ्या पेटीवरचा लहंगा उचलायला हात पुढे केला.

"हाथ दिखाइए," रामटेकेबाबू म्हणाले.

इस्माइल भाई थांबले. स्वतःच्याच अंगणात, स्वतःच विकत घेतलेल्या भंगारापुढे उभे राहून त्यांनी दोन्ही हात दाखवले. ते कोपरापर्यंत काळे होते. रामटेकेबाबूंनी नुसतं नळाकडे पाहिलं. इस्माइल भाई गेले, साबण लावून हात धुतले, लुंगीला पुसले, मग परत दाखवले. मग लहंगा उचलला.

"अब ठीक है?"

"अब ठीक है."

तिसऱ्या पेटीत लहंग्यांच्या खाली टेपा होत्या, मोठ्या चकत्यांच्या. रामटेकेबाबू एकेक काढून जमिनीवर लावत गेले. लावून झाल्यावर पुन्हा लावल्या. सहा नव्हत्या.

इस्माइल भाईंनी कान पकडला. "एक अमरूद के बगीचे वाला आया था सुबह. बोला फीता चमकता है, पेड़ पे बाँधेंगे तो चिड़िया नहीं आती. हमने दे दिया, बाबूजी. हमें क्या मालूम, किधर का था."

आमच्या टेपांची फीत आता कुठल्या कोण पेरूवाल्याच्या झाडांवर लटकत होती. रामटेकेबाबू पेटीच्या काठावर बसले. मला म्हणाले, "मंडल्याकडची म्हातारी गेली."

ती मला माहीत होती, म्हणजे तिची गोष्ट माहीत होती. दळताना गायची. रामटेकेबाबू टेपचं मशीन घेऊन तीन दिवस तिच्या ओसरीवर बसले होते, कारण ती दळण असल्याशिवाय गात नसे आणि घरात दळायला काही नव्हतं. शेवटी ह्यांनीच बाजारातून ज्वारी आणून दिली. ती म्हातारी पुढे वारली.

"मी तिले सांगितलं होतं," ते म्हणाले, "आजी, तू मेली तरी हे राहीन म्हणून. हसली होती ती."

मी चुन्याने पांढऱ्या झालेल्या माझ्या चपलांकडे पाहत उभी राहिले. चिठ्ठी माझी होती आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. ते म्हणाले असते की वहिनी, हे तुमच्यामुळे झालं, तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले नाहीत.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला तेव्हा समजली नाही. खिशातला रुमाल नळाखाली भिजवला, तिन्ही पेट्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्यांवर दाबून धरला, आणि नखाने कड उचलून एकेक चिठ्ठी सोलून काढली. ज्या माणसाने कधी घामाचा डाग काढू दिला नाही, त्याने. तिन्ही चिठ्ठ्या घडी करून खिशात गेल्या.

"काहून काढल्या?" मी विचारलं.

"चला, चौथी पाहू," ते म्हणाले.

चौथी पेटी नदीवरच्या ग्वारीघाटावर निघाली. इस्माइल भाईंकडून ती एका पूजेचं सामान विकणाऱ्या बाईने नारळ ठेवायला नेली होती. त्या पेटीत दाढ्या-मिशा होत्या. बाईने त्या एका टोपलीत ओतून घाटावर ठेवल्या होत्या, कोणाला लागल्या तर घ्या म्हणून.

आम्ही पोचलो तर घाटावरचे निम्मे नाववाले ऋषी झाले होते. एकाने छातीपर्यंत पांढरी दाढी लावली होती आणि बिडी ओढत होता. दाढीच्या मधून धूर निघत होता. दुसऱ्याला राजाच्या पीळदार मिशा होत्या. तो आम्हाला म्हणाला, "बैठो बाबूजी, पार घुमा लाएँ."

"पहले मूँछ उतारो," रामटेकेबाबू म्हणाले.

"मूँछ कैसे उतार दें? मर्द की मूँछ है."

"राजा की है. रजिस्टर में चढ़ी है."

"तो हमें राजा चढ़ा लो रजिस्टर में."

सगळा घाट हसला. रामटेकेबाबू हसले नाहीत. ते पायऱ्या उतरत प्रत्येकापुढे जाऊन उभे राहिले, हात पुढे करून. नाववाले थट्टा करत होते, पण एकेक जण दाढी काढून हातावर ठेवत गेला. ह्यांचं तोंड पाहिल्यावर थट्टा लांबवणं त्यांनाही जड गेलं असावं. मी पदरात गोळा केल्या. एक मिशी मात्र नदीत गेली होती, ती राहिली.

पेटी द्यायला बाई तयार नव्हती. तिने भांडण्यासाठी सगळे नारळ बाहेर काढून पेटी आमच्यापुढे आपटली. "ये देखो, कुछ है तुम्हारा इसमें? नहीं ना? तो जाओ."

रामटेकेबाबूंनी वाकून आत पाहिलं. "राहू द्या तिले," ते मला म्हणाले. "आता ही दोन्ही भाषांत खाली आहे."

त्यांनी केलेला विनोद मी जन्मात हा एकच ऐकला. मला हसू आलं नाही. चौथी चिठ्ठीही त्यांनी सोलून खिशात टाकली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी रात्रभर, खरं म्हणजे दोन दिवस, ठरवून गेले होते की आता सांगून टाकायचं. सहा टेपा गेल्या, म्हातारी गेली. मुलींना घेऊन माहेरी जाऊ, काय होईल ते होईल.

"रामटेके, भोपाल रिपोर्ट भेजनी है. चिट किसने लिखी?"

मी म्हटलं, "साहब, वो मैंने..."

"ये बाई बीच में न बोले," रामटेकेबाबू माझ्यावर ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "साहब, इसे लिखना कहाँ आता है. नाम की लकीरें खींच लेती है, बस. वो भी मैंने सिखाईं. अनपढ़ बाई है. चिट मैंने लिखी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पढ़ना-लिखना नहीं आता, मौसी?"

त्यांच्या मागे भिंतीवर पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'कृपया शांति बनाए रखें'. ती मी वाचली आणि म्हटलं, "नहीं, साहब."

बाहेर व्हरांड्यात येताच मी त्यांना धरलं. "भाऊ, तुम्ही मला अनपढ केलं. मी चौथीला पहिली आलेली बाई."

"माहीत आहे मले."

"मग?"

"तुम्हाले काढायले साहेबाचं तोंड पुरते, वहिनी. मले काढायले भोपाळचा कागद लागते. भोपाळचा कागद कधी वेळेवर येते काय?"

"पण अनपढ कशाला? नुसतं मी लिहिलं म्हणायचं होतं."

"लिहिता येते म्हटलं असतं, तर बाकीच्या पेट्यांवरचं अक्षर जुळवून पाह्यलं असतं. तुमचं अक्षर माह्यापेक्षा चांगलं आहे. लपत नाही ते." खिशातल्या चार चिठ्ठ्यांचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. पण नोंदवही मी पाहिली. 'सहा टेपा गहाळ. चूक: रामटेके.' त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं असं त्या वहीत तेवढंच आहे.

कागद सात महिन्यांनी आला. 'घोर लापरवाही' असं त्यात होतं. रामटेकेबाबूंनी त्याच्यावर क्रमांक टाकला आणि तो संग्रहात लावला. नोकरी राहिली, पण चौथ्या खोलीची किल्ली गेली. ती तिकीट खिडकीवाल्या श्रीवास्तवकडे ठेवली गेली, आणि रोज सकाळी रामटेकेबाबूंनी ती सही करून मागायची. पहिल्या दिवशी श्रीवास्तव किल्ली हातात धरून म्हणाला, "हाथ दिखाइए, रामटेके जी." सगळे हसले. रामटेकेबाबूंनी दोन्ही हात दाखवले, उलटेसुलटे. निवृत्त होईपर्यंत, तेरा वर्षं, ते रोज सकाळी दाखवत होते. श्रीवास्तव पुढे पुढे म्हणायचाही नाही, तरी हे दाखवायचे.

माझी ती तेरा आणि पुढची काही वर्षं अनपढ बाई म्हणून गेली. त्याचे फायदेही झाले. माझ्यासमोर कागद उघडे टाकून लोक चहाला जात. कोणाची बदली, कोणाची तक्रार, कोणाचं कोणाला पत्र, सगळं मला आधी कळायचं. पण त्रासही होता. माझ्याच मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र श्रीवास्तवने मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मुलीचं नाव चुकीचं वाचलं. मी म्हटलं, "बड़ी मेहरबानी, भैया."

आणि दुपारी डबा खाऊन झाला की रामटेकेबाबू नागपूरचा पेपर घेऊन माझ्याजवळ व्हरांड्यात बसायचे. पेपर गाडीने यायचा, एक दिवस शिळा. अनपढ बाईला पेपर वाचून दाखवणं हे लोकांना पटण्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. ते पेपरही नोंदवहीसारखा वाचायचे. वरच्या कोपऱ्यातली तारीख, मग बातम्या, मग निविदा, मग हरवलेल्या माणसांच्या जाहिराती, शेवटी मुद्रक आणि प्रकाशक. एक अक्षर सोडायचे नाहीत. मला सकाळीच सगळं वाचून झालेलं असायचं, कारण पेपर माझ्याच टेबलावर पडलेला असे. एकदा त्यांची एक ओळ सुटली. मी म्हटलं, "भाऊ, मधली ओळ राहिली." त्यांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. मग ती ओळ वाचली.

ते आधी निवृत्त झाले, मी नंतर. मला वाटलं, सुटलो. आता मला वाचता येतं हे लपवायचं कारण नव्हतं. साहेब कधीच भोपाळला गेले होते. मी घरी बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता दार वाजलं. रामटेकेबाबू पेपर घेऊन उभे. आत आले, खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि तारखेपासून सुरू केलं.

ते रोज येऊ लागले. पाऊस असो, ऊन असो, चार वाजता. माझी धाकटी माहेरी आली होती. ती मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "आई, काका कब तक पढ़ते रहेंगे? त्यांना सांग ना, तुला वाचता येते."

मी म्हटलं, "त्यांना माहीत आहे."

"मग?"

"मग काय. चहा ठेव."

बाहेर जाऊन मी खुर्चीसमोर बसले. निविदा चालल्या होत्या. मधेच थांबून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मी आहे का म्हणून, आणि पुढे वाचू लागले. असं नऊ वर्षं चाललं.

साहेब भोपाळला वारले असं ऐकलं. भगवानदास त्याच्या गावी गेला, तिथेच संपला. रामटेकेबाबू मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस दवाखान्यात होते, तिसऱ्या दिवशी गेले. पेट्या गेल्याचं कळलं त्या सकाळी चौथ्या खोलीत आम्ही चौघं उभे होतो. त्यातली आता मी तेवढी आहे.